साडेएकतीस

बाजवाड्याच्या मागे, कंसाराच्या खडकीत
श्रावणात एकशेआठची गाडी वीस मिनिटं घर शोधत होती.
मफतकाका आधी ओट्यावर बसलेले,
मग टेकलेले,
मग आडवे.
हॉर्न शेजारच्या खडकीत वाजत राहिला.

म्हणून आम्ही गेलो.
म्हणजे, खरं सांगायचं तर, म्हणून नाही.
एन.एस.एस.चे तास भरायचे होते
आणि सोळंकीसरांच्या तक्त्यात
झाडं लावणाऱ्यांची जागा संपली होती.

पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन डबे,
टर्पेंटाइन, चार ब्रश,
आणि एक्सरेच्या जुन्या फिल्ममधून कापलेले आकडे.
नफीसाच्या आजीच्या गुडघ्यातून शून्य,
इंद्रनीलच्या मोडक्या मनगटातून आठ.
मफतकाकांच्या सुनेनेही एक पाकीट आणून दिलं.
ते आम्ही तळाशी ठेवलं.

पहिली दुपार लिपीत गेली.
तोरल म्हणाली, गुजरातीच.
घाटगेमावशी दारातूनच म्हणाल्या,
"तुमचा पाच मला प दिसतो गं.
प कशाला माझ्या भिंतीवर?
प-चे पाटणकर समोर राहायचे,
ते गेले पुण्याला."
शेवटी इंग्रजी ठरले. ड्रायव्हरला वाचता आले म्हणजे झालं.

दुसरी दुपार, एक नंबर कुणाचा यात.
खडकीला दोन तोंडं, दोन्हीकडे पहिलं घर.
नाणं उडवलं, ते गटारात पडलं,
इंद्रनीलने हात घालून काढलं तेव्हा छापा होता.

शांताबेन भिंतीला पाठ लावून उभ्याच राहिल्या.
नंबर आला की मागून घरपट्टी येते,
त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी आली होती.
आम्ही सोळा रंगवला, पुढे जाऊन अठरा रंगवला.
त्या बराच वेळ दोन्हीकडे बघत होत्या.
"एटले मधली मीच ने?"
हो.
"मग चालेल. लिहू नका."

जिन्याखाली रामसजीवन इस्त्री करतो,
तिथेच झोपतो, तिथेच दाढी करतो,
खिळ्याला आरसा, आरशामागे आधारकार्ड.
वरून मालक ओरडला,
"ए, ते घर नाय. तो दादर आहे."
तक्त्यात विचारलं होतं: घरांची संख्या.
तोरलने घड्याळ पाहिलं.
मी ब्रश पुसला, पुन्हा पुसला.
रामसजीवन कुणाच्या तरी शाळेच्या स्कर्टची
एकेक चुणी बसवत होता,
मान वर न करता म्हणाला,
"रहने दो दीदी, हमको कौन ढूँढेगा."

अर्ध्याचा आकडा कापलेला नव्हता.
नफीसाने त्याचीच कात्री मागितली,
तळाचं पाकीट उघडलं,
फिल्म उजेडाला धरली.
बरगड्या दिसल्या, डावीकडे धुरकट काहीतरी.
तिने ते सोडून, कडेच्या काळ्या भागातून
एक, रेघ, दोन कापले.
कोणी काही बोललं नाही.
मालक पानाला गेला होता.

सरांनी चौदा तास लिहिले.
नाण्याचे धरले नाहीत.

गाडी त्यानंतर आलेली नाही, न येवो.
गॅसवाला नंबर वाचतो, कुरियरवाला वाचत नाही,
पोरं वरून ओरडतात,
"ओ साडेएकतीस, पप्पांची पँट!"
याचं काय करायचं
आम्हाला अजून कळलेलं नाही.
त्याचं नाव आधी कुणाला माहीत होतं, असंही नाही.

परवा गेले होते, दुपट्टा घेऊन.
फळीवर गाठोडी रांगेने लावलेली,
प्रत्येकाला चिंधी, चिंधीवर शाईने आकडा,
त्याच्या गावच्या शाळेतल्या वळणाचा.
घाटगेमावशींच्या पातळाला ५,
त्यांना वाचता येणारा.
सोळा, मग अठरा,
आणि दोन्हीच्या मध्ये, नीट दाबून ठेवलेलं,
शांताबेनचं १७.